मुंबईहून ट्राउटच्या नदीवर: फ्लाय फिशिंगचा एक दिवस, तयारीपासून शेवटपर्यंत

वरळीच्या किंवा वांद्र्याच्या खडकांवर ज्यांनी गळ टाकलाय, त्यांच्या अंगात दोन सवयी मुरलेल्या असतात. शिसं जमेल तितकं लांब भिरकावायचं आणि मग तंगूस बोटावर घेऊन बसून राहायचं. मीही लहानपणी काकांबरोबर असाच गरवायला जायचो. शिंगाळा बहुतेक वेळा, बोय कधीमधी, आणि जिताडा लागला तर घरी चार दिवस तेवढाच विषय. त्याच सवयी घेऊन मी हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर ट्राउट नावाचा मासा फ्लाय फिशिंगने धरायला पहिल्यांदा गेलो आणि अख्खा दिवस पलीकडच्या काठापर्यंत दोर पोचवण्यात घालवला. एकही मासा लागला नाही. परतताना बरोबरच्या गावकऱ्याने मी दिवसभर जिथे उभा होतो ते पाणी दाखवलं. काठालगतचं, गुडघाभर, एका कातळाच्या आडोशाचं. मासे तिथे होते आणि मी सकाळी पहिलं पाऊल तिथेच टाकलं होतं.

तुमचा पहिला दिवस तसा जाऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

आधी मूळ फरक समजून घ्या

समुद्रावर आपण शिसं फेकतो आणि शिसं दोरा ओढत नेतं. फ्लाय म्हणजे पिसं, लोकर, केस आणि धागा गुंडाळून किड्यासारखा बनवलेला बारीक गळ. त्याला वजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे तो फेकता येत नाही. इथे वजन दोरातच असतं. फ्लाय लाइन जाड असते, वरून प्लास्टिकचा थर दिलेला असतो, आणि आपण फेकतो ती ही लाइन. फ्लाय तिच्या शेपटाला बांधून मागून जातो.

दुसरा फरक याहून मोठा आहे. डोंगरातल्या नदीतला ट्राउट आमिष शोधत फारसा हिंडत नाही. तो प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थांबतो आणि नदी वाहून आणेल त्यातलं निवडून खातो. नदी जे आणते ते नदीच्याच वेगाने येतं. त्या वेगापेक्षा थोडंही जलद किंवा हळू आलेलं काहीही त्याला खोटं वाटतं. दिवसभरात आपण जे काही करायचं ते एवढ्यासाठी, की आपला फ्लाय पाण्याच्या वेगाने, मोकळा, त्याच्या तोंडावरून जावा. लांब फेकण्याची गरज फार क्वचित पडते. माझे बहुतेक मासे काठीच्या टोकापासून दहा-पंधरा फुटांवर लागले आहेत.

केव्हा जायचं

हिमाचलमध्ये १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते. तो ब्राउन ट्राउटचा विणीचा काळ, आणि ही बंदी मनापासून पाळायची. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने नदी गढूळ आणि धोकादायक असते, रस्तेही खचतात. मे-जूनमध्ये वरचं बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढतं. उरतात ते मार्चअखेर ते एप्रिल, आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर. मला ऑक्टोबर आवडतो. पाणी काचेसारखं असतं, मासा दिसतो. पण त्यालाही आपण दिसतो, म्हणून पहिल्याच खेपेला जाणार असाल तर एप्रिल बरा.

ट्राउट आपल्याकडचा मूळचा मासा नाही. ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून अंडी आणून तो आधी काश्मीरमध्ये आणि मग १९०९ च्या सुमारास कुलूत सोडला. थंड, वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी मिळालं तिथे तो टिकला. तीर्थन त्यातली माझी नदी. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातून ती उतरते, बंजारवरून खाली येते आणि लारजीजवळ बियासला मिळते. त्या उद्यानाला २०१४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. नदीवर मोठं धरण नाही, त्यामुळे अचानक पाणी सोडलं जाण्याची भीती इथे नसते. बियास किंवा दुसऱ्या धरणाखालच्या नदीवर गेलात तर ही चौकशी सगळ्यात आधी करा.

सामान: कमी, पण नेमकं

रॉड, रील आणि लाइन यांना क्रमांक असतात आणि ते एकमेकांशी जुळायलाच हवेत. डोंगरी नदीसाठी ४ किंवा ५ नंबर, साडेआठ ते नऊ फूट, चार तुकड्यांत सुटणारा रॉड घ्या. मी पहिला रॉड एका दुकानातून ८ नंबरचा उचलून आणला होता, कारण विकणाऱ्याने ‘मजबूत आहे’ एवढंच सांगितलं. ८ नंबर मोठ्या, ताकदवान माशांसाठी असतो. अर्ध्या पावशेराच्या ट्राउटला तो वाकतही नाही, आणि रॉड वाकला नाही की बारीक तंगूस तुटतं. लाइन तरंगणारी घ्या. तिच्यापुढे साडेसात ते नऊ फुटांचा लीडर, म्हणजे टोकाकडे निमुळतं होत जाणारं तंगूस, आणि त्याच्या टोकाला टिपेट, म्हणजे सगळ्यात बारीक तंगूस. टिपेटचे आकडे उलटे चालतात: ४एक्स म्हणजे सुमारे ०.१८ मिलिमीटर, ५एक्स म्हणजे ०.१५. एप्रिलच्या पाण्याला ४एक्स, ऑक्टोबरच्या नितळ पाण्याला ५एक्स.

फ्लायची डबी भरू नका. तरंगणाऱ्यांत अॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, बुडणाऱ्यांत फेझंट टेल आणि हेअर्स इयर, १२ ते १६ नंबरच्या गळावर, प्रत्येकी पाच-सहा. एवढ्यात दोन दिवस आरामात निघतात. बाकी एक छोटी पक्कड, नखं कापायचं नेलकटर, फ्लाय तरंगत राहावा म्हणून लावायची जेल, पाण्याचा थर्मामीटर, पोलराइज्ड गॉगल आणि टोपी. गॉगलवर पैसे वाचवू नका. पाण्यावरची चमक तो कापतो आणि आतला तळ दिसू लागतो. डोळ्यांत गळ जाण्यापासूनही तोच वाचवतो.

मुंबईतच एक काम उरका: प्रत्येक गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. मासा सोडताना सोपं जातं, आणि गळ स्वतःच्या बोटात घुसला तरी सुटतो.

मैदानावरचा सराव

सरावाशिवाय जाऊ नका. नदीवर शिकता येतं, पण तिथला प्रत्येक तास महागाचा असतो. शिवाजी पार्कात सकाळी सहाच्या आधी, क्रिकेटवाले यायच्या आत, एका कोपऱ्यात जागा मिळते. लाइन गवतावर चालवा, सिमेंटवर नाही, तिचा थर खरवडला जातो. फ्लायच्या जागी लाल लोकरीचा गोंडा बांधा. गळ मैदानावर कधीही नाही, माणसं आणि कुत्री फिरत असतात.

पंचवीस फूट लाइन समोर सरळ पसरा. रॉडचं टोक गवताला टेकलेलं. मनगट घट्ट ठेवून हाताने रॉड वर उचला, वेग वाढवत न्या आणि टोक कानाच्या जरा मागे गेलं की थांबा. झटक्यात थांबा. लाइन डोक्यावरून मागे उलगडत जाईल. ती पूर्ण उलगडेपर्यंत काहीही करायचं नाही. मग तसाच वाढता वेग पुढे, तसाच थांबा, लाइन समोर उलगडेल.

सगळं अडतं त्या मागच्या थांब्यावर. आपल्याला मागचं दिसत नाही म्हणून हात घाई करतो. मी आठवडाभर चाबकासारखा आवाज काढत होतो. एका सकाळी फेरी मारणारे एक आजोबा माझ्या मागे थांबले.

“इथे मैदानात काय पकडताय?”

“काही नाही आजोबा, सराव करतोय. हिमाचलला जायचंय.”

ते पाच मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, “अहो, तुमची दोरी मागे अजून वाकलेलीच असते, तोवर तुम्ही पुढे ओढताय. सरळ होऊ द्या ना तिला.”

मला हे कळायला हवं होतं, पण मागून बघणाऱ्यालाच ते दिसतं. म्हणून कोणाला तरी पाठीमागे उभं करा, किंवा मोबाइल मागे ठेवून चित्रीकरण करा. मान वळवून स्वतःची लाइन बघितली तरी चालतं. सुरुवातीला मी दर वेळी बघायचो.

पंचवीस फुटांवर वर्तमानपत्राचं एक पान ठेवा आणि दहापैकी सहा वेळा गोंडा त्यावर पडेपर्यंत अंतर वाढवू नका. मग रोल कास्ट शिका (कास्ट म्हणजे लाइनची फेक). मागे झाडं असली की लाइन मागे न नेता पाण्यावरूनच गोल गुंडाळून पुढे टाकायची. तीर्थनच्या काठी झाडी इतकी आहे की अर्धा दिवस हाच कास्ट लागतो. तो गवतावर नीट जमत नाही, लाइनला पाण्याची पकड लागते. तलावाकाठी, जिथे परवानगी असेल तिथे, तासभर केलात तरी पुरे.

गाठी घरी. दोनच: फ्लाय बांधायला क्लिंच गाठ (तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवा, स्वतःभोवती पाच वेढे, टोक डोळ्याजवळच्या फटीतून परत आणा), आणि लीडरला टिपेट जोडायला सर्जन गाठ. कोणतीही गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडं तंगूस आवळताना घासून तापतं आणि नेमकं तिथेच तुटतं. मी लोकलमध्ये बसायला मिळालं की जाड सुतळीवर या गाठी घालत असे. डोळे मिटून जमेपर्यंत.

पोचणं आणि परवाना

मुंबईहून दिल्ली किंवा चंदीगडपर्यंत रेल्वे नाहीतर विमान, पुढे मनालीकडे जाणारी रात्रीची बस. कंडक्टरला आधीच सांगून ठेवा की औटच्या बोगद्याआधी उतरायचंय, नाहीतर झोपेत कुलू येतं. तिथून लारजीवरून बंजार आणि पुढे गुशैणीपर्यंत बस किंवा टॅक्सी. विमानाने जाणार असाल तर गळ आणि पक्कड चेक-इन सामानात टाका.

परवाना हिमाचलच्या मत्स्य विभागाकडून रोजच्या हिशेबाने मिळतो. जिथे उतराल ते घरवाले सहसा मदत करतात. ओळखपत्र न्या. किती मासे आणि किती लांबीचे ठेवता येतात, कुठल्या पट्ट्यात गळ टाकता येतो, हे सगळं वाचा आणि परवाना खिशात ठेवूनच नदीवर जा. पोचल्याच्या दिवशी मासेमारी नको. रात्रभर बसमध्ये आखडलेल्या अंगाने ओल्या दगडांवर चालणं हा अपघाताचा रस्ता आहे. त्या दिवशी नदीकाठी नुसते बसा आणि पाणी बघा.

सकाळ: घाई नको

समुद्रावर आपण भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून पहाटे चारला निघतो. इथे एप्रिलमध्ये पहाटे पाणी पाच-सहा अंशांवर असतं आणि त्या थंडीत मासा सुस्त असतो. नाश्ता करून साडेआठ-नऊला निघा. थर्मामीटर मिनिटभर पाण्यात धरा. १० अंशांच्या पुढे सरकलं की हालचाल सुरू होते, १२ ते १६ उत्तम. उन्हाळ्यात खालच्या पट्ट्यात पाणी २० अंशांवर गेलं असेल तर त्या दिवशी थांबा. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि झुंजून दमलेला मासा सोडला तरी मरतो.

पाण्यात उतरण्याआधी काठच्या उथळ पाण्यातला नारळाएवढा एक दगड उचलून उलटा करा. हे टाळू नका. ओल्या तळाशी सपाट अंगाचे, तीन शेपट्यांचे किडे इकडून तिकडे सरपटतील: ती मेफ्लायची पिल्लं. शेजारी वाळूचे कण चिकटवून बनवलेली, तांदळाच्या दाण्याएवढी नळकांडी दिसतील. एक चिमटीत धरून थांबलात तर नळकांड्याच्या तोंडातून काळं डोकं आणि सहा पाय बाहेर येतात. तो कॅडिस. तळहातावर तो वाळूचं घर ओढत चालतो, तेव्हा ट्राउटचं जेवण तुमच्या हातावर असतं. डबी उघडा आणि त्याच मापाचा, त्याच रंगाचा फ्लाय काढा. माप आधी, रंग नंतर. दगड होता तसा परत ठेवा.

पाणी वाचणं

ट्राउटला तीन गोष्टी लागतात: अन्न आणणारा प्रवाह, दम न लागणारी संथ जागा आणि लपायला आडोसा. तिन्ही जिथे मिळतात तिथे तो असतो. मोठ्या कातळामागे पाणी शांत असतं आणि दोन्ही बाजूंनी वेगाची धार वाहते. शांत पाणी आणि धार यांच्या मधली शिवण हाताने दाखवता येण्याइतकी स्पष्ट असते. मासा त्या शिवणीवर. कातळाच्या पुढेही पाणी आदळून एक उशी तयार होते, तिथेही मासा थांबतो, आणि ही जागा बहुतेक लोक विसरतात. खळाळ संपून डोह सुरू होतो ती उतरण चांगली. डोहाचा शेवट, जिथे पाणी पुन्हा उथळ होऊ लागतं, तो सकाळ-संध्याकाळचा. आणि काठ! झाडाच्या मुळांखाली पोखरलेला, सावलीतला काठ. तिथे चालत जाऊ नका, आधी फ्लाय पाठवा.

मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो म्हणून तुम्ही खालून वर, म्हणजे प्रवाहाच्या उलट दिशेने, त्याच्या पाठीमागून जायचं. पाण्याखालून त्याला बाहेरचं सगळं जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत दिसतं, आणि क्षितिजालगतच्या वस्तू त्या खिडकीच्या कडेला चेपल्या जातात. त्यामुळे वाकलात, गुडघ्यावर आलात, कातळाआड राहिलात की तुम्ही जवळजवळ नाहीसे होता. मातकट रंगाचे कपडे घाला. आपली सावली पाण्यावर कुठे पडतेय ते बघत चला. आणि पाय आपटू नका, दगडावर दगड आदळल्याचा आवाज पाण्यात लांबवर जातो.

फ्लाय सोडणं

जवळचं पाणी आधी, मग मधलं, मग लांबचं. एका जागी पाच-सहा कास्ट, काही नाही झालं तर दोन पावलं वर.

शिवणीच्या चार-पाच फूट वर फ्लाय टाका म्हणजे माशापर्यंत येईतो तो स्थिर होतो. रॉडचं टोक उंच धरा आणि मधल्या वेगवान पाण्यावर लाइन टेकूच देऊ नका, फक्त लीडर पाण्यात. लाइन टेकली की प्रवाह तिला ओढतो आणि फ्लायमागे इंग्रजी ‘व्ही’सारखी बारीक लाट उमटते. ती लाट दिसली की तो कास्ट वाया गेला. लांब टाकावंच लागलं तर लाइन पाण्यावर पडल्या पडल्या मनगटाने तिचा मधला भाग अलगद उचलून वरच्या अंगाला ठेवा. याला मेंडिंग म्हणतात. फ्लाय जसजसा तुमच्याकडे येईल तसतशी डाव्या हाताने सुटी लाइन आत घेत राहा.

मासे वर येऊन किडे टिपत नसतील, आणि सकाळी बहुतेकदा टिपत नाहीत, तर बुडणारा फ्लाय वापरा. तरंगणाऱ्या कॅडिसच्या गळाला दीड-दोन फूट टिपेट बांधून खाली फेझंट टेल लावला की वरचा फ्लाय खूण म्हणून काम करतो. तो थबकला, बुडाला, बाजूला सरकला की रॉड उचला. ‘दगडाला अडकला असेल’ असं वाटलं तरी उचला. समुद्रावर आपण टोचणी हातात जाणवायची वाट बघतो. इथे हाताला कळेपर्यंत ट्राउटने खोटा किडा थुंकलेला असतो. डोळ्याने धरायचं. पण झटका नाही, फक्त रॉड उचलून लाइन ताठ करायची.

मासा लागल्यावर

रॉड वर, वाकलेला. ओढला तर जाऊ द्या, थांबला की घ्या. त्याला बाजूने, संथ पाण्याकडे वळवा. लवकर आत घ्या, उगाच दमवू नका. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. पाण्यातच ठेवून पकडीने गळ उलटा काढा. पहिला ब्राउन ट्राउट हातात येईल तेव्हा एवढं नक्की बघा: पाठ ओल्या शेवाळासारखी, पोट लोण्याच्या रंगाचं आणि कुशीवर लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट कडं. फोटो काढायचाच तर पाण्याला लागून, तुमचा श्वास रोखून जमेल तेवढा वेळ. मग त्याला प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही हातांत सैल धरा. कल्ले चालायला लागतील आणि तो स्वतःच निघून जाईल. ढकलू नका.

मी नदीतले सगळे सोडतो. खायचा असेल तर त्याच खोऱ्यात पाळलेला ट्राउट मिळतो, मोहरीच्या तेलात तळलेला, आणि तो उत्तम असतो.

दुपार आणि संध्याकाळ

दुपारी बारा ते तीन ऊन डोक्यावर असताना सावलीत बसा, जेवा, पाणी प्या. लीडरवर बोट फिरवून कुठे गाठ पडलीय का बघा, टिपेट बदला.

पाण्यात असाल तेव्हा मांडीच्या वर जाऊ नका. काठी घ्या, तिसरा पाय म्हणून. पलीकडे जायचं तर तिरकं, खालच्या दिशेने, एका वेळी एकच पाय उचलत. पडलात तर पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे करा, पाठीवर तरंगा, उभं राहायची धडपड वेगाच्या पाण्यात करू नका. पाय दगडांत अडकतो. नदी गढूळ व्हायला लागली, काटक्या-पानं वाहून येऊ लागली, तर आकाश निरभ्र असलं तरी बाहेर या. वर कुठेतरी पाऊस झालाय.

चारनंतर डोहाच्या शेपटाशी बसा आणि पाण्याकडे बघत राहा. कॅडिस पाण्यावर नाचू लागतात आणि मासे वर येऊन त्यांना टिपतात. छोटं वर्तुळ उमटतं, कधी तर पावसाच्या थेंबाएवढं. दिसल्याबरोबर कास्ट करू नका. तोच मासा पुन्हा किती वेळाने आणि कुठे येतो ते दोन-तीनदा बघा, मग एल्क हेअर कॅडिस त्याच्या तीन फूट वर. पहिला कास्टच खरा. अंधार पडायच्या अर्धा तास आधी बाहेर निघा, वाट दगडांची आहे.

परत मुंबईत

लाइन ओल्या कपड्याने पुसून सैल गुंडाळा. रॉडचे तुकडे पूर्ण कोरडे झाल्याशिवाय नळीत बंद करू नका. बूट घासून उन्हात वाळवा, एका नदीतलं शेवाळ दुसऱ्या नदीत जायला नको. आणि फ्लायची डबी दोन दिवस पंख्याखाली उघडी ठेवा. आपल्या दमट हवेत ओले गळ आठवड्यात गंजतात, आणि तो गंज पुढच्या एप्रिलमध्ये नेमका मासा लागल्यावर कळतो.